'युझुफ्रक्ट'मध्ये फळ आलं कुठून?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: 'युझुफ्रक्चुअरी मॉर्गेज' (ताबेगहाण, ज्यात कर्ज देणारा जमिनीचा ताबा घेऊन तिचं उत्पन्न घेतो) शिकवताना वर्गात सांगितलं गेलं की 'युझुफ्रक्ट' म्हणजे 'यूज' अधिक 'फ्रूट', थोडक्यात 'फळांचा वापर'. ही फोड बरोबर आहे का? आणि असेल, तर बागेचा ताबा घेतलेल्याला आंबे काढता येतात पण आंब्याचं झाड तोडता येत नाही, ही रेषा या शब्दात कुठे आहे?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर शब्दाच्या घडणीतच सापडतं. मी सावंतवाडी भागात जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्रं करते. इथल्या बऱ्याच घरांची जमीन थोडी इकडे, थोडी गोव्यात अशी असते. त्यामुळे १८८२ चा आपला अधिनियम आणि पोर्तुगीज वळणाचे गोव्याचे कागद दोन्ही माझ्या टेबलावर येतात, आणि हा शब्द दोन्हीकडे भेटतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोड अर्धी बरोबर आहे. शब्दाचे दोन तुकडे आहेत हे खरं, पण त्यांच्यातलं नातं चुकलं आहे आणि दुसऱ्या तुकड्याचा अर्थही.

मूळ लॅटिनमध्ये हा एक शब्द नव्हताच. 'ऊसुस फ्रूक्तुस' असे दोन शब्द शेजारी शेजारी उभे असत. कधी मध्ये 'एत' म्हणजे 'आणि' घालून 'ऊसुस एत फ्रूक्तुस' असंही म्हणत. दोन्ही नामं क्रियापदांवरून आली आहेत. 'ऊती' म्हणजे वापरणं, त्यावरून ऊसुस. 'फ्रुई' म्हणजे उपभोगणं, आनंद घेणं, त्यावरून फ्रूक्तुस. म्हणजे 'वापर आणि उपभोग'. आपल्या व्याकरणात सांगायचं तर हा द्वंद्व आहे, षष्ठी तत्पुरुष नाही.

तत्पुरुष नाही हे कशावरून? शंका रास्त आहे. फ्रूक्तुस या नामाची षष्ठी 'फ्रूक्तूस' होते. फरक फक्त शेवटच्या स्वराच्या लांबीचा, आणि रोमन लिपीत तो लिहून दाखवत नाहीत. तेव्हा नुसत्या प्रथमेकडे बघून 'फळाचा वापर' असा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष देता येत नाही. उलगडा होतो तो द्वितीयेत. तिथे 'ऊसुम फ्रूक्तुम' असं रूप येतं, म्हणजे दोन्ही शब्द विभक्ती घेतात. तत्पुरुष असता तर फ्रूक्तूस जागचा हलला नसता, फक्त ऊसुसचं ऊसुम झालं असतं. रोमन वक्ता आणि वकील सिसेरो याच्या लेखनात हे 'ऊसुम फ्रूक्तुम' स्पष्ट दिसतं. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये पहिल्या शब्दाचा 'स' गळून 'ऊसुफ्रूक्तुस' असा सलग शब्द झाला, आणि १७व्या शतकात तो इंग्रजीत उतरला. त्या गळलेल्या 'स'बरोबर दोन शब्दांमधली शिवण दिसेनाशी झाली.

ही दोन्ही क्रियापदं लॅटिनमध्ये एका खास गटात मोडतात. त्यांचं रूप कर्मणीसारखं आणि अर्थ कर्तरी. संस्कृत शिकलेल्यांना इथे आत्मनेपद आठवेल, आणि ते आठवणं अगदी योग्य आहे. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'भुजोऽनवने'. भुज् धातूचा अर्थ रक्षण करणं नसेल, म्हणजे खाणं किंवा उपभोगणं असेल, तर तो आत्मनेपदी चालवायचा. राजा पृथ्वीचं पालन करतो तिथे 'भुनक्ति', माणूस अन्न खातो तिथे 'भुङ्क्ते'. क्रियेचं फळ कर्त्याच्याच पदरात पडतं, हे रूपातूनच कळतं. फ्रुई आणि ऊती यांचं तेच.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. लॅटिन शिकणाऱ्या प्रत्येकाला पाच क्रियापदं घोकून घ्यावी लागतात, कारण त्यांचं कर्म द्वितीयेत येत नाही, पंचमीत येतं. त्यांत ऊती आणि फ्रुई दोन्ही आहेत. लॅटिनची पंचमी जुन्या तृतीयेलाही पोटात घेऊन बसली आहे, आणि इथे ती तृतीयाच आहे. म्हणजे रोमन माणूस 'शेत उपभोगतो' असं म्हणत नव्हता, तो 'शेताने स्वतःचं भागवतो' असं म्हणत होता. शेत क्रियेचं कर्म होत नाही, साधन राहतं. वकिलांनी ही विभक्ती ठरवून निवडली असं मला म्हणायचं नाही, ती त्यांच्या आधीपासून भाषेत होती. पण पुढे कायद्याने जी मर्यादा शब्दांत मांडली, तिला भाषेची ही सवय अगदी पोषक ठरली असं माझं मत आहे.

आता फळाकडे. फ्रुई ज्या धातूपासून आलं, त्याचा इंडो-युरोपीय अर्थ 'वापरणं, उपभोगणं' असा लावतात. त्याच धातूपासून जुन्या इंग्रजीत 'ब्रूकन' होतं, वापरणं आणि उपभोगणं या अर्थाचं. आजच्या इंग्रजीत त्याचं 'ब्रूक' उरलं आहे. ते 'खपवून घेणं' एवढ्याच अर्थाने, तेही बहुधा नकारातच येतं. ओढा या अर्थाचा 'ब्रूक' निराळा. जर्मनमध्ये त्याच घराण्यातलं 'ब्राउखेन' म्हणजे वापरणं, गरज असणं. लॅटिनमध्ये 'फ्रुक्स' म्हणजे शेतातलं पीक, 'फ्रूमेंतुम' म्हणजे धान्य आणि 'फ्रूगी' म्हणजे कामाला येणारा, नेटका, ज्यावरून इंग्रजीत 'फ्रुगल' म्हणजे काटकसरी आला. भोग आणि काटकसर एकाच मुळावर वाढलेले आहेत, हे मला फार आवडतं.

म्हणजे क्रम असा लागतो: आधी उपभोगणं, मग उपभोगाला मिळणारं उत्पन्न, मग त्यांतलं झाडाला लागणारं. फ्रूक्तुसला 'झाडाचं फळ' हा अर्थ आला तो उत्पन्नाच्या वाटेने, आणि जुन्या फ्रेंचमधून तोच शब्द इंग्रजीत 'फ्रूट' होऊन पोचला. युझुफ्रक्टमध्ये फळ मुळात घातलेलं नाही. फळ हा शब्दच उपभोगापोटी जन्मला आहे. म्हणून घरभाडं, व्याज, दगडाच्या खाणीचं उत्पन्न यांनाही रोमन कायदा बिनदिक्कत फळांच्या रांगेत बसवू शकला.

जर्मनांनी या शब्दाचं भाषांतर केलं 'नीसब्राउख'. 'नीस' उपभोगासाठी आणि 'ब्राउख' वापरासाठी. १९०० पासून लागू असलेल्या त्यांच्या दिवाणी संहितेत हाच शब्द आहे. यातलं 'ब्राउख' ऊसुसच्या जागी ठेवलं आहे, पण कुळाने ते फ्रूक्तुसचं भावंड आहे. भाषांतर करणाऱ्याने पहिल्या भावाच्या खुर्चीवर दुसऱ्याच्या नातलगाला बसवलं.

इथे मराठी वाचकासाठी दोन सावधगिरीच्या सूचना. 'फल' आणि 'फ्रूट' हे ऐकायला जवळचे वाटतात, पण त्यांचं नातं नाही, साम्य योगायोगाचं आहे. तसंच 'भुज्' आणि 'फ्रुई' यांचा अर्थ इतका जुळतो की ते सख्खे असावेत असं वाटतं, पण तेही नाही. भुज् चा लॅटिन नातलग म्हणून सहसा 'फुंगी' हे क्रियापद दाखवतात. मजा म्हणजे तेसुद्धा त्या पाच क्रियापदांपैकीच एक आहे. त्यावरून इंग्रजीत 'फंक्शन' आला आणि 'डिफंक्ट'ही, म्हणजे आपलं काम उरकून मोकळा झालेला.

ऊतीचं गोत्र इंग्रजीत याहून मोठं आहे. 'युटिलिटी' आणि 'युटेन्सिल' उघडच आहेत. 'युझरी' म्हणजे व्याजबट्टा, मूळ अर्थ पैशाच्या वापराचा मोबदला. 'युसर्प'मध्ये ऊसुस आणि 'रापेरे' म्हणजे हिसकावणं, वापरता वापरता बळकावणं. पण इंग्रजी जमीनकायद्यातला जुना 'यूज', ज्यातून पुढे ट्रस्टची कल्पना वाढली, तो ऊसुसमधून आलेला नाही. तो लॅटिनच्या 'आद ओपुस' म्हणजे 'अमक्याच्या कामासाठी' या प्रयोगातून, जुन्या फ्रेंचमध्ये झिजून आला आहे. दोन वेगळे शब्द एकाच उच्चारात येऊन मिसळले. कायद्याच्या परीक्षेत हा घोटाळा नेहमी होतो.

आता तुमच्या झाडाकडे येते. त्यासाठी युझुफ्रक्ट हा हक्क कोणासाठी निर्माण झाला ते बघावं लागेल.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकात रोममध्ये लग्नाचा असा प्रकार रूढ होत गेला की बायको लग्नानंतरही कायद्याने माहेरच्याच कुळात राही. नवरा गेला की त्याच्या मिळकतीत ती वारस म्हणून उभी राहत नसे. मालमत्ता मुलांकडे जावी, पण आईचं आयुष्य त्याच घरात, त्याच शेतावर निभावं, हा पेच होता. त्यावर काढलेली तोड म्हणजे ऊसुस फ्रूक्तुस. मृत्युपत्राने मालकी मुलांना द्यायची आणि वापर-उपभोग विधवेला, तिच्या हयातीपुरता. मुलांकडे उरते तिला 'नूदा प्रोप्रिएतास' म्हणत, म्हणजे उघडी मालकी, अंगावर वस्त्र नसलेली. आई गेली की उपभोग आपोआप मालकीत येऊन मिळे.

इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सिसेरोने 'तोपिका' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, आपला कायदेपंडित मित्र त्रेबातियुस याच्यासाठी. त्यात या हक्काचं एक उदाहरण आहे. नवऱ्याने बायकोला आपल्या मालमत्तेचा ऊसुस फ्रूक्तुस दिला आहे, आणि मागे वाइनची आणि तेलाची भरलेली कोठारं आहेत. ती तिची झाली का? सिसेरो म्हणतो, तिने तसं समजू नये, कारण दिला आहे तो ऊसुस, 'अबूसुस' नव्हे.

हा अबूसुस नीट बघा. आज इंग्रजीत 'अब्यूज' म्हटलं की गैरवापर. इथे तो अर्थ नाही. 'अब' म्हणजे दूर, संपेपर्यंत. अबूसुस म्हणजे वापरून संपवून टाकणं. कोठारातलं तेल वापरलं की संपतं. शेत वापरलं तरी पुढच्या वर्षी तिथेच असतं. या हक्काच्या नावात वापर आहे, उपभोग आहे, आणि संपवणं मुद्दाम बाहेर ठेवलेलं आहे. पुढच्या काळात फ्रेंच परंपरेच्या कायदेपंडितांनी पूर्ण मालकीची व्याख्याच या तीन शब्दांनी केली: ऊसुस, फ्रूक्तुस आणि अबूसुस. तिसरा काढून घेतला की उरतो तो युझुफ्रक्ट. तुम्ही विचारलेली रेषा ती हीच.

तेलाच्या कोठाराचा प्रश्न मात्र तिथे संपला नाही. लोक मृत्युपत्रात सगळ्याच गोष्टी लिहीत राहिले, तेव्हा साम्राज्याच्या सुरुवातीच्या काळात रोमच्या सिनेटने ठराव करून वापरून संपणाऱ्या वस्तूंवरही असा हक्क देऊ केला. अट एवढीच, की तेवढाच माल किंवा त्याची किंमत परत करण्याची हमी द्यायची. पंडितांनी त्याला 'जणू ऊसुस फ्रूक्तुस' म्हटलं, खरा म्हटलं नाही.

या हक्काची व्याख्या पाउलुस या कायदेपंडिताची आहे, आणि सम्राट जस्टिनियनच्या ५३३ मधल्या 'डायजेस्ट' या कायदेसंग्रहाच्या सातव्या भागाची सुरुवातच तिने होते. दुसऱ्याच्या वस्तू वापरण्याचा आणि उपभोगण्याचा हक्क, 'साल्वा रेरुम सुब्स्तांतिआ', म्हणजे वस्तूचं मूळ शाबूत राखून. ही शेवटची तीन पदं म्हणजे सिसेरोच्या 'अबूसुस नव्हे'चंच कायदेशीर रूप आहे.

त्या सातव्या भागात झाडांचा तुमचाच प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा आहे. तोडली की पुन्हा फुटतात अशा झाडांची राई असेल, वेताचं बेट असेल, तर उपभोग घेणाऱ्याने ते तोडावं, कारण तोडणं हीच त्यांची फळं घेण्याची रीत. मोठी झाडं तोडता येणार नाहीत. मग वाऱ्याने मोठं झाड उन्मळून पडलं तर? लाबेओ हा कायदेपंडित म्हणतो, स्वतःच्या आणि शेतघराच्या गरजेपुरतं घ्यावं. पण जळणासाठी दुसरं लाकूड असताना इमारती लाकूड चुलीत घालू नये. घराच्या बाबतीतही असंच. उपभोग घेणाऱ्याने घराला उजेडासाठी खिडक्या पाडाव्यात, रंग द्यावा, चित्रं आणि संगमरवर लावावा. खोल्या जोडू नयेत, तोडू नयेत, दारं फिरवू नयेत. म्हणजे घर सजवता येतं, त्याची घडण बदलता येत नाही.

मेंढ्यांच्या कळपाचा नियम तर कोणत्याही धनगराला सांगितला तर पटेल. कोकरं हे फळ, ती उपभोग घेणाऱ्याची. पण कळपातल्या मेलेल्या मेंढ्यांची भरपाई त्याच कोकरांतून करायची आणि उरलेली घ्यायची. कळप तेवढाच राहिला पाहिजे, कारण मूळ वस्तू कळप आहे.

आणि इथेच रोमन कायद्यातला सगळ्यात अवघड वाद उभा राहिला. गुलाम स्त्रीवर असा हक्क असेल, तर तिचं मूल फळ धरायचं का? जनावरांची पिल्लं फळ असतील तर हे का नाही? सिसेरोच्याही आधीच्या पिढीत यावर स्केवोला आणि मानिलियुस हे कायदेपंडित एका बाजूला, ब्रूतुस दुसऱ्या बाजूला असा वाद झाला होता. हा ब्रूतुस कायदेपंडित, सीझरच्या खुनातला नव्हे. त्याचं मत टिकलं: माणूस माणसाचं फळ होऊ शकत नाही. नंतर गायुस या कायदेपंडिताने कारण दिलं, की निसर्गातली सगळी फळं माणसासाठी आहेत, तेव्हा माणसालाच फळ म्हणणं विसंगत ठरेल. वाक्य उदात्त आहे, पण त्याने मूल स्वतंत्र झालं नाही. ते आईच्या मालकाकडे गेलं. वाद फक्त एवढाच होता की गुलाम कोणाचा. एखाद्या शब्दाची व्याप्ती ठरवताना कोणाचं आयुष्य त्यात अडकलेलं असतं, हे मला या वादाइतकं दुसरीकडे कुठे जाणवलं नाही.

हयातीपुरता हक्क म्हटला की हयात किती धरायची हा हिशोब येतो. नगराला असा हक्क दिला तर? नगर मरत नाही. गायुसने १०० वर्षांची मर्यादा सांगितली, कारण दीर्घायुषी माणसाच्या आयुष्याची तीच सीमा. वारसांना मिळकतीचा किमान चौथा हिस्सा राखून ठेवणारा एक कायदा होता. त्यासाठी अशा हक्कांची किंमत काढावी लागे, आणि उल्पियन या कायदेपंडिताने वयाप्रमाणे कोष्टक दिलं आहे. विशीच्या आतल्याला ३० वर्षं धरायची, तिशी ते पस्तिशीत २२, साठीपुढे ५. आयुर्मानाच्या सगळ्यात जुन्या कोष्टकांत याची गणना होते.

तसाच हिशोब कितीतरी शतकांनी आणखी एका माणसाने केला. ६ सप्टेंबर १७८९ रोजी पॅरिसहून अमेरिकन मुत्सद्दी थॉमस जेफरसनने आपला सहकारी जेम्स मॅडिसन याला पत्र लिहिलं. त्यात त्याचं विधान आहे, की पृथ्वी जिवंत माणसांची आहे, युझुफ्रक्टने. आधीच्या पिढीला पुढच्या पिढीवर कर्ज लादता येणार नाही, हे त्याला मांडायचं होतं. मग ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या मृत्युकोष्टकांवरून त्याने एका पिढीची मुदत १८ वर्षं ८ महिने काढली आणि ती १९ धरली. तो वकील होता आणि शब्द नेमका जाणून वापरत होता. जिवंत पिढी मालक आहे असं तो म्हणत नाही, उपभोगी आहे असं म्हणतो. मूळ शाबूत राखायची अट त्या एका शब्दातून सगळं वाक्य व्यापून टाकते.

एवढा जुना शब्द इंग्रजीत दुर्मीळ का राहिला? कारण इंग्लंडच्या कायद्याने त्याच गरजेसाठी स्वतःची सोय केली होती. तिथे हयातीपुरत्या मालकीला 'लाइफ इस्टेट' म्हणतात. रोमन परंपरा जिथे टिकली तिथेच युझुफ्रक्ट बोलण्यात राहिला. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेत तो आहे, अमेरिकेतल्या लुइझियानात आहे, दक्षिण आफ्रिकेत आहे. लुइझियानात तर मागे राहिलेल्या जोडीदाराला मिळणारा हक्क आजही याच नावाने ओळखतात. रोमची विधवा अजून कायद्यात आहे.

या शब्दाचा एक वापर मला खटकतो, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, कॅनडातल्या मूलनिवासींच्या जमिनीवरच्या हक्काचं वर्णन 'वैयक्तिक आणि युझुफ्रक्चुअरी' असं केलं, राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेला हक्क. ते लोक पिढ्यानपिढ्या त्या जमिनीवर होते. त्यांना दुसऱ्याच्या घरात हयातीपुरतं राहणाऱ्या विधवेच्या जागी बसवलं, आणि उघडी मालकी परक्या राजाच्या नावे लावली. शब्द तोच, पण मालक कोण हे ठरवूनच तो वापरला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे, १९९७ च्या निकालात स्पष्टपणे, हा हक्क रोमन किंवा इंग्रजी साच्यात बसत नाही, तो आपल्या जातीचा एकमेव आहे असं म्हटलं.

आता आपल्याकडे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५८(घ). गहाण ठेवणारा ताबा देतो, आणि घेणाऱ्याने भाडं, उत्पन्न घ्यावं आणि ते व्याजात, मुद्दलात किंवा दोन्हींत वळतं करावं. आपल्या लोकांना हा प्रकार अधिनियमाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ताबेगहाण किंवा कब्जेगहाण म्हणतात त्याला. ताबा न देता केलेलं ते नजरगहाण, आणि ठरल्या मुदतीत पैसे न दिल्यास विक्री पक्की होणारी ती मुदत खरेदी. या तीन शब्दांत अधिनियमाची निम्मी पानं मावतात. नीट पाहिलं तर ताबेगहाण हे रोमन युझुफ्रक्ट नव्हे. रोमन हक्क माणसाबरोबर मरतो, गहाणाचा हक्क कर्जाबरोबर मिटतो. व्याजाऐवजी उत्पन्न घेण्याच्या त्या व्यवहाराला रोमन लोक 'अँटिक्रेसिस' हा ग्रीक शब्द वापरत. १८८२ च्या मसुदाकारांनी त्यांच्या कायदेशिक्षणातला जवळचा शब्द उचलला.

पण झाडाचं उत्तर त्यांनी सोबत आणलं. कलम ७६(ङ) सांगतं, ताबा असलेल्या गहाणदाराने मालमत्तेचा नाश होईल किंवा तिची कायमची हानी होईल असं काही करू नये. आंबा काढणं हे उत्पन्न. खोड आडवं करणं ही कायमची हानी. 'साल्वा रेरुम सुब्स्तांतिआ' तेच म्हणत होतं. आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ताबेगहाणात जमीन सोडवून घेण्याची ३० वर्षांची मुदत गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाही. उत्पन्नातून किंवा रोखीने कर्ज फिटलं, अथवा रक्कम कोर्टात भरली, तेव्हापासून ती सुरू होते. नुसती ३० वर्षं उलटली म्हणून गहाणदार मालक होत नाही. उपभोग कितीही लांबला तरी त्याची मालकी बनत नाही, हे त्यात आलं.

गोव्यात मात्र खरा रोमन युझुफ्रक्ट आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता तिथे १८७० पासून लागू झाली, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तिथले प्रचलित कायदे पुढे चालू राहिले. आईवडील घर मुलाच्या नावे बक्षीस करून स्वतःकडे हयातभर उपभोग राखून ठेवतात, असे दस्त तिकडून येतात. १८६७ च्या लेखनात या शब्दात 'त'च्या आधी फ्रूक्तुसचा 'क' शाबूत आहे, नंतरच्या पोर्तुगीज लेखनात तो गळला. मुलाकडे जाते ती 'नूआ प्रोप्रिएदाद', रोमची तीच उघडी मालकी. असा दस्त वाचून 'घर मुलाचं झालं' एवढंच कळवणारे लोक भेटतात. तो दस्त दाखवून मुलगा उघडी मालकी विकू शकेल, पण घेणाऱ्याला आईवडिलांना उठवता येणार नाही.

शेवटी मराठीत काय म्हणावं हा प्रश्न उरतो. 'फलोपभोग' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही, कारण तो वर्गातल्याच फोडीकडे परत नेतो, 'फळाचा उपभोग'. त्यात ऊसुस कुठेच नाही. विधवेने घरात राहणं हे फळ घेणं नव्हे, ते वापरणं आहे. आपल्या दस्तांत 'वहिवाट व उपभोग' ही जोडी आधीपासून रुळलेली आहे, आणि ती मूळ द्वंद्वाला दोन्ही अंगांनी धरते. मृत्युपत्रात मी असं लिहिते: 'सदर मिळकतीची वहिवाट व उपभोग माझ्या पत्नीने तहहयात घ्यावा. तिला सदर मिळकत विक्री, गहाण, बक्षीस किंवा अन्य प्रकारे तबदील करता येणार नाही. तिच्या पश्चात मिळकत माझ्या मुलांकडे पूर्ण मालकी हक्काने जाईल.' तबदील करता येणार नाही, हा आमचा अबूसुस वगळलेला भाग.

हिंदू कुटुंबात हे कलम लिहिताना एक धोका पक्का लक्षात ठेवा. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम १४(१) ने स्त्रीकडची मर्यादित मालमत्ता पूर्ण मालकीची केली. १४(२) मध्ये मृत्युपत्राने नव्याने दिलेल्या मर्यादित हक्काला अपवाद आहे. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीचा पोटगीसारखा आधीचा हक्क असेल आणि त्यापोटी मालमत्ता दिली असेल, तर कागदावरची मर्यादा गळून पडते आणि ती पूर्ण मालकीण होते. म्हणून मसुदा करण्याआधी मी विचारते, की ही मिळकत पत्नीला कशापोटी देता आहात? पोटगीपोटी असेल, तर तिच्या हाती पूर्ण मालकी जाऊ शकते हे नवऱ्याला तिथेच स्पष्ट सांगते, आणि मगच कागदाला हात लावते.